गोरख्याच्या डोंगरात, दगड-मातीच्या भिंतीवर

शेतावर राबायचं आणि त्या बदल्यात जेवण-राहणं मिळवायचं ही पद्धत आता जुनी झाली. 1971 साली इंग्लंडमध्ये ‘वूफ’ हे शेतावर राबणाऱ्या स्वयंसेवकांचं जाळं सुरू झालं आणि तिथून ती जगभर पसरली. मला शेतीबरोबर मातीचं बांधकामही शिकायचं होतं. थायलंड आणि पोर्तुगाल हे पर्याय समोर होते, पण मी नेपाळ ठरवलं, आणि त्यातही गोरखा जिल्हा. 2015 च्या भूकंपाचं केंद्र याच जिल्ह्यात, बारपाकजवळ होतं. जिथे दगड-मातीची घरं हजारोंनी पडली, तिथेच लोक पुन्हा दगड-मातीत का बांधतायत आणि कसं बांधतायत, हे मला प्रत्यक्ष काम करून समजून घ्यायचं होतं.

जागा निवडताना मी बरीच चौकशी केली. परदेशी पाहुण्यांकडून भरपूर पैसे घ्यायचे, त्यांना एखाद्या अनाथालयात आठवडाभर मुलांशी खेळायला लावायचं, असा धंदा नेपाळात बराच फोफावला होता, आणि त्यातली कित्येक मुलं अनाथ नसायचीच. तसल्या ठिकाणी मला पाऊलही टाकायचं नव्हतं. शेवटी एक शेतकरी कुटुंब मिळालं. पैसे घेणार नाही, दिवसाला पाच-सहा तास काम, बाकी घरच्यासारखं राहा, असं त्यांनी कळवलं. त्याच पत्रात आणखी एक ओळ होती: भिंत गावातलीच गवंडी बांधेल आणि तिला रोजची मजुरी मिळेल, तुम्ही माती मळा, दगड द्या, शेतात मदत करा. ही ओळ वाचली आणि मी तिकीट काढलं. फुकटात राबणाऱ्या पाहुण्यामुळे गावातल्या कोणाचा रोज बुडता कामा नये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. भारतीय 1 रुपयाला नेपाळी 1.60 रुपये हा दर वर्षानुवर्षं कायम आहे, त्यामुळे हिशोब सोपा जातो. मी मंगसिर महिन्यात गेले, म्हणजे नोव्हेंबरचा उत्तरार्ध. पाऊस संपलेला असतो, भात आणि नाचणी काढणीला आलेली असते, आणि बांधकाम हाती घ्यायलाही हेच दिवस बरे.

शनिवार

काठमांडूच्या कलंकीवरून सकाळी बस पकडली. पृथ्वी राजमार्गाचं रुंदीकरण चालू होतं, त्यामुळे नौबिसे उतरून त्रिशूलीच्या काठाला लागेपर्यंत धुळीशिवाय काही दिसलं नाही. कुरिनटारला मनकामनाच्या केबल कारपाशी निम्मी बस रिकामी झाली. मुग्लिनला मर्स्यांगदी त्रिशूलीला येऊन मिळते. तिथून मर्स्यांगदीच्या कडेने आंबुखैरेनी, आणि मग वळणावळणाने गोरखा बाजार. पुढचा रस्ता कच्चा, तो जीपने.

घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. अंगणात भाताचं वाळवण, पडवीच्या खांबांना मक्याच्या कणसांच्या माळा, आणि खाली गोठ्यात दोन म्हशी. घरात बा, आमा, त्यांची सून म्हणजे दिदी, आणि तिची दोन शाळकरी मुलं. दिदीचा नवरा कतारला. बा भारतीय सैन्याच्या गोरखा रेजिमेंटमधून निवृत्त झालेले, त्यामुळे हिंदी अस्खलित. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, “बहिनी, तुमच्याकडे भूकंप होतात का?” मी किल्लारीचं नाव घेतलं. त्यांना ते माहीत होतं. फौजेत असतानाच ऐकलं होतं म्हणाले.

रात्री नाचणीचा ढिंडो, म्हणजे पिठाची घट्ट उकड, आणि गुंद्रुकचं सार. गुंद्रुक म्हणजे मोहरीचा पाला आंबवून वाळवलेला. हिवाळ्यात ताजी भाजी कमी असते तेव्हा हाच घरोघरी शिजतो. आंबटसर, थोडा धुरकट, आणि गरम ढिंड्याबरोबर फार चांगला लागतो.

रविवार

आज नाचणी. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं आहेत. पाण्याखालची भाताची वेगळी, आणि कोरडवाहू उतारावरची मका-नाचणीची वेगळी. इथली रीत बघण्यासारखी आहे. पावसाच्या तोंडाशी मका पेरतात. तो वाढत असताना नाचणीची रोपं दुसरीकडे तयार होतात, आणि उभ्या मक्यातच त्यांची लावणी होते. मका निघाला की नाचणीला ऊन मिळतं. एकाच तुकड्यातून दोन पिकं, आणि ऐन पावसात जमीन उघडी राहत नाही. एवढ्या उतारावर माती टिकवायची तर ते लागतंच.

काढणीत फक्त कणसं विळ्याने खुडायची, ताटं उभी ठेवायची. ती नंतर जनावरांना. कणसं अंगणात आणून ढीग घालतात आणि झाकून ठेवतात. चार-पाच दिवसांत ढिगात ऊब धरते आणि मग झोडपल्यावर दाणा सहज सुटतो. दुपारी दिदीने माझा हात एका जुन्या ढिगात खुपसला. आत चांगलंच गरम होतं, आणि आंबूस वास येत होता. “उद्या झोडायचं,” ती म्हणाली. किती दिवस झाले हे तिने मोजलं नव्हतं. हातानेच ठरवलं.

शेतात आम्ही सात-आठ जणी होतो आणि सगळ्या वेगवेगळ्या घरच्या. आज यांच्याकडे, उद्या दुसरीकडे. इथे त्याला पर्म म्हणतात, आपल्याकडच्या सावडीसारखंच. तरुण पुरुष एक तर आखातात नाहीतर मलेशियात, त्यामुळे पर्ममध्ये जवळजवळ सगळ्या बायकाच. आणि हात कमी पडतात म्हणून वरच्या कितीतरी पायऱ्या पडीक आहेत. तिथे झुडपं वाढली, झुडपांतून माकडं आली, आणि माकडांमुळे शेजारचा मकाही परवडेनासा झाला. गाव रिकामं कसं होत जातं, हे त्या उतारावर उभं राहिलं की डोळ्यांनी दिसतं.

सोमवार

आज भिंतीवर. घराशेजारी एकमजली इमारत उभी राहते आहे, एका बाजूला बियाणं-धान्याची कोठी आणि दुसऱ्या बाजूला पाहुण्यांची खोली. पाया आणि जोतं मी यायच्या आधीच झालं होतं. गवंडी आहे शेजारच्या वाडीतली एक बाई, वय चाळिशीच्या आसपास. तिलाही सगळे दिदीच म्हणतात, म्हणून मी इथे तिला गवंडी दिदी म्हणते. भूकंपाआधी तिने कधी थापी हातात घेतली नव्हती. पुनर्बांधणीच्या काळात नवख्यांसाठी 50 दिवसांचं प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण असायचं, त्यातून ती शिकली. तेव्हा गवंड्यांचा प्रचंड तुटवडा होता, आणि अनेक जिल्ह्यांत बायका या कामात आल्या.

काम सुरू करायच्या आधी तिने मला जुन्या घराची उरलेली भिंत दाखवली. कमरेएवढी, पडकी, आता तिच्यावर दुधीचा वेल चढलेला. “वरून बघ,” म्हणाली. वाकून पाहिलं तर ती एक भिंत नव्हतीच. बाहेरून चांगल्या दगडांचा एक पदर, आतून दुसरा पदर, आणि मधल्या पोकळीत बारके दगड आणि माती भरलेली. दोन्ही पदरांना एकमेकांशी बांधणारं काहीच नाही. जमीन हलली की मधला भराव खाली बसतो, दोन्ही पदरांना बाहेर ढकलतो, आणि भिंत पोट फुगून फुटते. वरचा तिकोनी भाग, ज्याला कुठलाच आधार नसतो, तो सगळ्यात आधी कोसळतो.

25 एप्रिल 2015, सकाळचे 11 वाजून 56 मिनिटं, तीव्रता 7.8. नेपाळात सुमारे नऊ हजार माणसं गेली, जवळजवळ पाच लाख घरं पूर्ण पडली, आणि त्यातली बहुतेक दगड-मातीची. तो शनिवार होता, नेपाळात सुट्टीचा दिवस. शाळा बंद होत्या. दुपार होत आलेली, गावातली माणसं शेतात होती. या घरातही तेवढ्यामुळेच सगळे वाचले. आमा मक्याच्या शेतात होत्या, तिथून त्यांनी घर बसताना पाहिलं. हे त्या सांगत होत्या तेव्हा माझ्या डोक्यात किल्लारीच होतं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास, सगळे गाढ झोपलेले, आणि वरती माळवदाचं वजन. धक्का इथल्यापेक्षा खूप लहान, पण जवळजवळ आठ हजार माणसं त्या एका पहाटेत गेली. तिथल्या भिंतीही अशाच, दोन पदरांच्या आणि मध्ये भराव असलेल्या.

किल्लारीनंतर आपल्याकडे दगड-मातीच्या घराची जी भीती बसली, ती अजून गेलेली नाही. ती भीती मी समजू शकते. पण दोष मातीवर टाकून आपण मोकळे झालो, आणि भिंतीत सांधा नव्हता हे बोललोच नाही, असं मला त्या पडक्या भिंतीपाशी पहिल्यांदा स्पष्ट कळलं.

गवंडी दिदी आता काय करते ते लिहून ठेवते. भिंत दीड फूट जाडीची. दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर एक लांब दगड भिंतीच्या आरपार घालायचा, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतात. एवढा लांब दगड नसेल तर त्याच्या जागी लाकडाचा तुकडा. कोपऱ्यात लांब दगड एकाआड एक, एकदा या भिंतीत शिरलेला, पुढच्या थराला त्या भिंतीत. उभा सांधा सांध्यावर येता कामा नये. आणि दगड दगडावर बसला पाहिजे, मातीवर नाही. माती फक्त फटी भरते. ती प्रत्येक दगड ठेवून त्याच्या एका टोकाला अंगठ्याने दाबते. हलला तर उचलते, फिरवते, खाली कपची सरकवते, पुन्हा दाबते. एकेका दगडाला चार-चार वेळा. दिवसभर मी दगड हातात देत होते, आणि दुपारनंतर कुठला दगड ती मागेल याचा थोडा थोडा अंदाज यायला लागला.

मंगळवार

माती. घराच्या वरच्या पडीक पायरीवरून लाल माती खणून आणली. तिच्यात वाळू किती आणि चिकण किती हे बघायला बाटलीची परीक्षा केली. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, आणि जोरात हलवून ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळाला काही तास लागतात, चिकण सगळ्यात शेवटी. दुसऱ्या दिवशी थर मोजले तर चिकण साधारण पाव भाग निघाली. भिंतीला हे चांगलं.

गवंडी दिदीने बाटलीची वाट पाहिलीच नव्हती. तिने ओली माती तळहातावर वळून बोटाएवढी वळी केली आणि अधांतरी धरली. बोटभर लोंबून मग तुटली. “होईल,” म्हणाली. मग चिमूटभर माती दाताखाली घेऊन कचकच बघितली. बाटलीने दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं.

मग मळणं. खड्ड्यात माती, पाणी, आणि बोटभर कापलेला भाताचा पेंढा. भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर असते, त्यामुळे तो लवकर कुजत नाही, आणि माती सुकताना तिला तडकू देत नाही. पायांनी तुडवायचं. मुलं शाळेतून आली ती थेट खड्ड्यातच उतरली. पाणी थंडगार होतं आणि पहिली दहा मिनिटं पाय बधिर झाले, पण मग अंगात उष्णता आली. आदल्या दिवशी मळलेली माती रात्रभर मुरली की दुसऱ्या दिवशी वेगळीच होते, लोण्यासारखी. ताजी माती गवंडी दिदी हातच लावत नाही.

बुधवार, गुरुवार

दोन्ही दिवस दगड वाहणं. पाठीवर डोको, म्हणजे विणलेली टोपली, आणि ती पेलायला कपाळावर नाम्लोचा पट्टा. मान ताठ ठेवायची आणि पावलं लहान टाकायची, हे आमांनी शिकवलं. त्या साठीच्या पुढच्या आहेत आणि माझ्या दीडपट ओझं घेऊन चढत होत्या.

संध्याकाळी दिदीने गोठ्याची व्यवस्था दाखवली. गोठ्याच्या फरशीला उतार, कडेने पन्हळ, आणि म्हशींचं मूत एका टाकीत जमा होतं. त्यात शेण आणि पाणी, शिवाय तितेपाती, अडुळसा, बकाण निंब असला कडू पाला घालून कुजवतात. या द्रावणाला झोलमल म्हणतात. पाणी घालून पातळ केलं की मोहरीवर, कोबीवर फवारता येतं. युरियाचं पोतं डोंगरावर आणायचा खर्च वाचतो, आणि लावणीच्या ऐन वेळी खत मिळत नाही ही नेपाळातली नेहमीची ओरड यांना फारशी भेडसावत नाही.

शुक्रवार

भिंत खिडकीच्या तळाशी आली आणि आज लाकडी पट्टा बसला. चारही भिंतींवरून सलग फिरणारा, दोन समांतर वासे आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, आडव्या टाकलेल्या शिडीसारखा. कोपऱ्यात वासे एकमेकांत खाचून बसवलेले. असाच पट्टा पुढे खिडक्या-दारांच्या वर आणि पुन्हा छपराखाली येणार. जमीन हलली की चारही भिंती वेगवेगळ्या दिशेने न जाता एकत्र हलाव्यात, यासाठी. 2015 नंतर सरकारने घरांच्या नमुन्यांचं जे पुस्तक काढलं, त्यात दगड-मातीचं घर अशा पट्ट्यांसह मंजूर आहे. बऱ्याच जणांना हे माहीतच नव्हतं, सिमेंटच लागतं असा समज होता.

लाकूड साल वृक्षाचं, गावाच्या सामुदायिक वनातलं. समितीकडे अर्ज करायचा, ठरलेली रक्कम भरायची, आणि समिती दाखवेल तेच झाड.

दुपारी चहाला बा त्यांच्या ‘अनुदानाच्या घरा’बद्दल बोलले. भूकंपानंतर सरकारकडून घरटी तीन लाख नेपाळी रुपये मिळायचे, तीन हप्त्यांत: पन्नास हजार, मग दीड लाख, मग एक लाख. प्रत्येक टप्प्यावर तपासणी. मुदतीच्या आत पैसे पदरात पाडून घ्यायला अनेकांनी सिमेंटची एकच खोली उभी केली. बांची तशीच आहे, घराच्या मागे. हिवाळ्यात गार, उन्हाळ्यात भट्टी. धान्य साठवावं तर ओल येते. तिच्यात आता चारा आणि सरपण असतं. घर मात्र त्यांनी नंतर स्वतःच्या पैशाने, दगड-मातीत, पट्टे घालून बांधलं. अनुदान चुकीचं होतं असं बा म्हणत नाहीत. पत्र्याखाली दोन हिवाळे काढल्यावर ती खोलीही मोठीच वाटली होती, म्हणाले. पण माणसाला कणगी, चूल, म्हातारी-कोतारी, येणारा-जाणारा हे सगळं घरात लागतं, आणि हप्त्याच्या कागदावर त्याला रकाना नव्हता. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

शनिवार

सुट्टी. मुलांबरोबर गोरखा बाजारला जाऊन दरबार पाहून आले. दगडी पायऱ्या चढून वर गेलं की उत्तरेला हिमालयाची रांग समोर उभी राहते. पृथ्वीनारायण शाह यांचा जन्म 1723 सालचा, इथलाच. शेजारी गोरखकालीचं मंदिर आणि खाली गोरखनाथांची गुहा. भूकंपात वाड्याचं बरंच नुकसान झालं होतं, ते पुन्हा नीट केलेलं आहे. विटांचे थर आणि कोरीव खिडक्या बघायला अख्खा दिवसही कमी पडावा.

रविवार, सोमवार

नवीन भिंत अजून ओली, तिला गिलावा लावून चालणार नाही; आधी पूर्ण बसू आणि सुकू द्यावी लागते. म्हणून गोठ्याच्या जुन्या भिंतीवर गिलाव्याचे नमुने केले. एक भाग माती-एक भाग वाळू, मग एकास दोन, मग एकास तीन. प्रत्येकात बारीक पेंढा आणि शेण सारखंच. हातभर चौकोन सारवून कोळशाने आकडे लिहिले. दुसऱ्या दिवशी पहिला चौकोन जाळीसारखा तडकला होता. तिसरा दिसायला अखंड, पण तळहात फिरवला की वाळू झडत होती. मधल्याला केसाएवढी एक चीर, तीही कडेला. एकास दोन ठरलं. गाव बदललं, अगदी वरची पायरी सोडून खालची माती घेतली, तरी हे प्रमाण बदलतं, म्हणून आधी नमुना केल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही.

वरचा हात कमेरोचा, म्हणजे पांढऱ्या मातीचा, आणि खाली जोत्यालगत लाल मातीचा पट्टा. हे काम दसऱ्याआधी दरवर्षी घरोघरी होतं. आमांनी घराच्या पडवीत एक पावसाने धुपलेला कोपरा मला सारवायला दिला. त्यांचा हात खांद्यापासून एका अर्धवर्तुळात फिरतो आणि बोटांची खूण कुठे उरत नाही. मला ते जमायला दोन्ही दिवस लागले.

मंगळवार

निघायचा दिवस. सकाळी नाचणीच्या दुसऱ्या ढिगाची झोडणी होती, ती उरकूनच जीप पकडली. निघायच्या आधी गवंडी दिदीशी पुढच्या कामाबद्दल बोलले. पौषात थंडी कडक असते, तेव्हा मातीकाम बंद. माघात भिंती वरच्या पट्ट्यापर्यंत न्यायच्या, तिकोनी भाग दगडात न बांधता लाकडाच्या सांगाड्यावर हलका ठेवायचा, मग छप्पर. 2023 च्या नोव्हेंबरात पश्चिमेकडे जाजरकोटला भूकंप झाला आणि दीडशेवर माणसं पुन्हा तशाच बिनपट्ट्यांच्या भिंतींखाली गेली. तेव्हापासून तिला शेजारच्या गावांतूनही बोलावणी येतात. आपल्या वाडीतल्या दोन मुलींना ती आता बरोबर घेते, आणि त्यांना पहिले दोन महिने फक्त कोपरेच बांधायला देणार आहे.

गिलावा फागुन-चैतात, म्हणजे मार्चच्या आसपास. तेव्हा या घराला चार जास्तीचे हात हवे आहेत. कोणाला जायचं असेल तर गुडघ्यापर्यंत दुमडता येईल अशी जुनी विजार, टॉर्च आणि रात्रीसाठी जाड स्वेटर न्या. रबरी हातमोजे नेऊ नका, मातीचा ओलावा बोटांनाच कळतो.